सहा, साठ आणि सहाशे : विद्यार्थ्यांच्या यंत्रमानवासाठी दाबाखालील हवेचा सुरक्षित पुरवठा

प्रस्तुत लेखक हा भाषेचा अध्यापक आहे. उर्दू आणि मराठी हे त्याचे विषय. त्याने हवेच्या दाबावर लिहावे याचे कारण काय, असा प्रश्न वाचक अध्यापकांना पडणे साहजिक आहे. म्हणून आरंभीच खुलासा करतो. धारहून मांडूला जाताना वाटेत नालछा लागते. तेथील एका लहानशा प्रशिक्षण केंद्रात मी आठवड्यातून दोन दिवस शिकवितो. केंद्रातील तांत्रिक निदेशक वर्षाच्या मध्येच दुसरीकडे गेले आणि विद्यार्थ्यांच्या यंत्रमानव गटाचा कार्यभार, शनिवारी मोकळा असणारा एकमेव अध्यापक या नात्याने, माझ्याकडे आला. आपल्या कम्युनिटी कॉलेजांत असे नेहमीच घडते. गणिताचा शिक्षक ग्रंथालय सांभाळतो आणि भाषेचा शिक्षक कार्यशाळा. तेव्हा हा लेख तज्ज्ञाने तज्ज्ञांसाठी लिहिलेला नाही. ज्याच्या गळ्यात अकस्मात किल्ल्या पडल्या त्याने, ज्यांच्या गळ्यात त्या उद्या पडू शकतात त्यांच्यासाठी लिहिलेला आहे.

गटाचा प्रकल्प मात्र मला पहिल्याच दिवशी आवडला. मांडूच्या परिसरात गोरखचिंचेचे प्रचंड वृक्ष आहेत. इकडे त्यांना ‘खुरासानी इमली’ म्हणतात. नाव खुरासानचे, झाड मूळ आफ्रिकेचे. त्यांची टणक कवचाची मखमली फळे रस्त्याकडेला विकायला असतात. या झाडाचा बुंधा अवाढव्य आणि गुळगुळीत असल्याने वर चढणे जोखमीचे. म्हणून आमच्या सहा विद्यार्थ्यांनी चार चाकांच्या गाड्यावर उंच होणारा दांडा, दांड्याच्या टोकाला कात्री आणि कात्री मिटविण्यासाठी हवेचा सिलिंडर अशी योजना केली होती. विजेच्या मोटारीपेक्षा हवेचा सिलिंडर हलका, स्वस्त आणि झटक्यात काम करणारा, हे त्यांचे म्हणणे बरोबरच होते. हवा साठविण्यासाठी शीतपेयाच्या दोन-दोन लिटरच्या दोन प्लास्टिक बाटल्या आणि त्या भरण्यासाठी टायर दुकानातला जुना कॉम्प्रेसर, एवढी त्यांची सामग्री.

अपघात माझ्या चुकीमुळे झाला. विद्यार्थ्यांनी दोन स्पर्धांच्या नियमावल्या मिळविल्या होत्या. एकीत हवेच्या दाबाची मर्यादा ६०० लिहिलेली होती, दुसरीत ६०. मी दोन्ही चाळल्या, लहान आकडा तो सुरक्षित असा विचार केला आणि फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिले : ‘हवा ६० च्या वर नको’. भाषेचा अध्यापक असून मी आकड्यापुढे एकक लिहिले नाही. त्या दिवशी रेग्युलेटरपाशी उभ्या असलेल्या मुलासमोरील गेजवर शून्य ते दहा एवढेच आकडे होते. त्याने गुंडी फिरविण्यास सुरुवात केली. साठ काही दिसेना, म्हणून तो फिरवीतच राहिला. काटा आठच्या पुढे गेला तेव्हा नुसत्या तारेने आवळलेली नळी बाटलीच्या तोंडावरून निसटली, सापासारखी उसळली आणि दुसऱ्या मुलाच्या भुवईवर बसली. तीन टाके पडले. अर्धा इंच खाली लागली असती तर डोळा होता. बाटल्या फुटल्या नाहीत हे निव्वळ नशीब.

त्या संध्याकाळी मी तिन्ही आकडे समोर ठेवून बसलो. ६०० हे किलोपास्कल होते, म्हणजे ६ बार. ६० हे पीएसआय होते, म्हणजे साधारण ४ बार. आणि आमच्या गेजवरचे आकडे होते किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरचे, ज्यातील १ म्हणजे जवळजवळ १ बार. त्या गेजवर साठ असते, तर ते नियमातील साठच्या सुमारे चौदा पट झाले असते. टायरवाल्याकडे आपण ‘तीस भर’ म्हणतो तेव्हा ते पीएसआय असते, सुमारे २ बार. मोटारीच्या चाकाला तेवढे पुरते. हीच सवय विद्यार्थी कार्यशाळेत घेऊन येतात. म्हणून पहिली सूचना ही, की केंद्रात एकच एकक ठरवावे, इतर एककांच्या पट्ट्या असलेल्या गेजवर त्या रंगाने झाकाव्यात आणि मर्यादेच्या जागी काचेवर लाल रेघ ओढावी. आम्ही बार निवडले. १ बार म्हणजे १०० किलोपास्कल, म्हणजे साडेचौदा पीएसआय, एवढे लक्षात असले की कोणतीही नियमावली वाचता येते.

दाब की साठा?

यानंतर मी भौतिकशास्त्राच्या मित्रांकडे शिकवणी लावली, आणि माझा एक मूलभूत गैरसमज दूर झाला. धोका दाबात असतो असे मला वाटत होते. तो प्रत्यक्षात दाब आणि आकारमान या दोहोंच्या जोडीत, म्हणजे साठ्यात असतो. दहा लिटरच्या टाकीत ६ बार दाबाची हवा असेल आणि टाकी एकदम फुटली, तर बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे साडेसात हजार जूल भरते. पन्नास किलो सोयाबीनचे पोते पंधरा मीटर, म्हणजे चार मजल्यांच्याही वर उचलून नेण्याइतकी ही ऊर्जा आहे. दोन लिटरच्या बाटलीत याच दाबाला तिचा पाचवा हिस्सा असतो. तेच पोते तीन मीटर वर. आमच्या दोन बाटल्यांत अपघाताच्या वेळी, आठ बारला, चार हजार जूलच्या आसपास ऊर्जा होती आणि त्या मुलांच्या गुडघ्याला टेकलेल्या होत्या.

आता तीच दहा लिटरची टाकी काठोकाठ पाण्याने भरा आणि पाण्यावर ६ बार दाब द्या. साठलेली ऊर्जा किती? एक जूलसुद्धा नाही. पाणी जवळजवळ दबतच नाही. त्यामुळे दाब असला तरी स्प्रिंगसारखी ताणलेली ऊर्जा त्यात साठत नाही. टाकीला चीर गेली तर थोडे पाणी उडते आणि गेजचा काटा शून्यावर पडतो. हवेची टाकी त्याच ठिकाणी स्फोट करते. आपल्या विद्यार्थ्यांना ही तुलना एकदा नीट समजली की निम्मे काम झाले, असा माझा अनुभव आहे. ‘गेजवर दोन्हीकडे सहाच आहे’ हे वाक्य मी वर्गात मुद्दाम उच्चारतो आणि थांबतो.

म्हणूनच हवेचे कोणतेही भांडे, जोड किंवा नळी प्रथम पाण्याने तपासावी. त्यासाठी वेगळे यंत्र विकत घेण्याची गरज नाही. घरांतील नळांची गळती पाहण्यासाठी प्लंबर जो हाताचा दाबपंप वापरतात तो एका दिवसापुरता मागून आणता येतो. भांडे पूर्ण भरावे, तिरपे करून आतला शेवटचा बुडबुडाही काढावा (बुडबुडा राहिला तर ती पाण्याची चाचणी उरत नाही, हवेचीच होते), आणि वापराच्या दाबाच्या दीडपट, म्हणजे ६ बारला वापरायचे असेल तर ९ बारपर्यंत सावकाश न्यावे. दहा मिनिटे काटा स्थिर राहिला पाहिजे. भांड्याचा घेर आधी आणि नंतर दोऱ्याने मोजावा. फुगलेले भांडे बाद. आम्ही एकाच दुकानातून आणलेल्या काही बाटल्या या पद्धतीने तपासल्या. नव्या बाटल्या टिकल्या. महिनाभर खिडकीत उन्हात पडून राहिलेल्या एका बाटलीचे बूड मात्र सात बारच्या आधीच बाहेर आले. तपासलेल्या बाटल्या आम्ही यंत्रावर वापरल्या नाहीत. एकदा दीडपट ताण सोसलेले प्लास्टिक पुन्हा तेवढेच सोसेल याची खात्री नसते. त्या फक्त नमुना होत्या.

स्पर्धांचा अनुभव

प्लास्टिकच्या बाटलीत हवा भरणे हा वेडेपणा आहे, असे येथवर वाचून कोणास वाटेल. तसे सरसकट म्हणता येत नाही. एशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनची रोबोकॉन स्पर्धा २००२ साली टोकियोत सुरू झाली. २००८ आणि २०१४ या दोन्ही वर्षी तिची आंतरराष्ट्रीय फेरी पुण्यात झाली. पैकी २००८ चा विषय गोविंदाच्या दहीहंडीवर बेतलेला होता, म्हणजे उंचावर पोहोचून मडक्याशी व्यवहार करणारे यंत्र. आमच्या चिंचेच्या कात्रीचे ते थोरले भावंडच. भारतीय राष्ट्रीय फेरीही अनेक वर्षे बालेवाडीच्या क्रीडासंकुलात भरत असे. या स्पर्धेतील यंत्रांच्या अंगावर शीतपेयाच्या बाटल्या बांधलेल्या नेहमी दिसतात. तिच्या नियमावल्यांत हवेसाठी एकतर त्याच कामाकरिता बनविलेले भांडे किंवा नव्यासारखी, योग्य रीतीने तयार केलेली प्लास्टिकची बाटली वापरण्यास मुभा असून दाबाची मर्यादा ६०० किलोपास्कल ठेवलेली आढळते. अमेरिकेतील ‘फर्स्ट’ या शालेय यंत्रमानव स्पर्धेची रीत अधिक कडक आहे. साठ्याला १२० पीएसआय, कामाच्या बाजूला ६०, साठ्यावरचा सेफ्टी वॉल्व्ह १२५ ला उघडणारा, आणि सगळी हवा हाताने एका झटक्यात सोडता येईल असा कॉक दिसण्याजोग्या जागी. फळ्यावर मी लिहिलेले साठ ते हेच.

बाटलीला मुभा आहे, पण ‘नव्यासारखी’ या शब्दावर सारा भार आहे. शीतपेयाच्या बाटल्या सामान्यतः १० बारच्या आसपास फुटतात. म्हणजे ६ बारला दुपटीचीही सोय हातात राहत नाही, आणि ओरखडा, ऊन, ढिले टोपण यांपैकी प्रत्येक गोष्ट त्यातून थोडे थोडे खाते. साध्या पाण्याच्या पातळ बाटल्यांचा तर विचारच नको. शिवाय तापलेल्या वाहनात ठेवलेल्या भरल्या बाटलीतील दाब आपोआप चढतो : २५ अंशांना ६ बार असलेली हवा ५५ अंशांना पावणेसातच्या घरात जाते, आणि त्याच वेळी प्लास्टिक मऊ होत असते. माळव्यातल्या वैशाखात बंद गाडी ५५ अंशांना पोहोचणे काही कठीण नाही. यासाठी आमचा नियम सोपा आहे. बाटली भरलेल्या अवस्थेत प्रवास करीत नाही. बाटलीवर जाड कापडी पट्टीचे दोन थर असतात, तिच्यावर वापर सुरू केल्याची तारीख लिहिलेली असते, आणि पडलेली किंवा चरा गेलेली बाटली चर्चेविना भंगारात जाते.

काही भांडी मात्र कोणत्याही स्थितीत वापरू नयेत. स्वयंपाकाच्या गॅसचे किंवा शीतकपाटाच्या वायूचे जुने सिलिंडर, अग्निशामक नळकांडी, गॅरेजमध्ये वेल्डिंग करून घेतलेली टाकी ही ती भांडी. सिलिंडर दुसऱ्या वायूसाठी वापरण्यावर २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांत बंधने आहेत. त्यांची अंमलबजावणी नागपूर येथे मुख्यालय असलेली पेसो ही केंद्रीय संस्था करते. पीव्हीसीच्या पाइपाचेही तेच. पाण्याला तो उत्तम, हवेला घातक, कारण फुटताना त्याचे धारदार तुकडे उडतात. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा विभागाने १९८८ सालीच त्याविरुद्ध इशारा दिला होता. तरीही आपल्याकडे कार्यशाळांच्या भिंतींवर पांढऱ्या पीव्हीसीच्या हवेच्या लाइनी सर्रास दिसतात. आणि कॉम्प्रेसर बंद पडला म्हणून ऑक्सिजनचा सिलिंडर जोडण्याची कल्पना कोणी मांडली, तर त्यास तेथेच थांबवावे. वॉल्व्हमध्ये वंगणाचे तेल असते. तेल आणि दाबाखालील ऑक्सिजन एकत्र आले की आगीला ठिणगीचीही वाट पाहावी लागत नाही.

पुरवठ्याची मांडणी

आमचा कॉम्प्रेसर आता वर्गात नाही. त्याची पन्नास लिटरची टाकी ८ बारला पन्नास हजार जूल पोटात घेऊन असते. अशा वस्तूशेजारी कोणी बाक मांडू नये. तो मागच्या ओसरीवर, भिंतीआड, जाळीच्या पेटीत ठेवला आहे. टाकी मूळ कारखान्याची आहे, तिच्यावरील पट्टी वाचता येते, आणि ठरलेल्या दाबाला मोटार बंद करणारा स्विच व त्याच्याही पुढे उघडणारा सेफ्टी वॉल्व्ह अशा दोन राखणी आहेत. एक विजेवर अवलंबून, दुसरी फक्त स्प्रिंगवर. सेफ्टी वॉल्व्हची कडी महिन्यातून एकदा ओढून तो अडकलेला नाही हे पाहतो. तेथून धातूचा पाइप भिंतीतून आत येतो. आत आल्यावर प्रथम एक कॉक, जो बंद केला की पुढील लाइनीतली हवाही बाहेर सोडून देतो. साध्या कॉकने पुरवठा तुटतो, पण पुढची हवा अडकून राहते. त्यानंतर पाणी गाळणारे फिल्टर, ४ बारला बसवून कुलूप लावलेले रेग्युलेटर, आणि रेग्युलेटर बिघडलाच तर ५ बारला उघडणारा छोटा सेफ्टी वॉल्व्ह. टेबलांकडे जाणारी नळी सहा मिलिमीटरची, पुश फिटिंगची. ती मुद्दामच बारीक आहे. निसटली तरी हवा सावकाश येते आणि नळी उसळत नाही. तारेने आवळलेला एकही जोड आता केंद्रात नाही.

पीथमपूरच्या कारखान्यांत बनणाऱ्या ट्रकांनाही हवेचे ब्रेक असतात आणि त्यांच्या टाक्या आपल्या रस्त्यांवर रोज ८ बारच्या आसपास दाबाने धावतात. तेथे भय वाटत नाही, कारण प्रत्येक जोड त्याच कामासाठी केलेला आणि तपासलेला असतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ३१ हे दाबाच्या यंत्रांसाठी स्वतंत्र ठेवले होते आणि सुरक्षित दाब ओलांडला जाणार नाही याची तजवीज करण्याची जबाबदारी त्यात घातली होती. केंद्रातल्या कार्यशाळेकडे निरीक्षक फिरकत नाही. तेथे ती जबाबदारी किल्ल्या ज्याच्याकडे असतील त्याचीच ठरते.

चाचणीच्या वेळी कॉकपाशी एकच विद्यार्थी उभा राहतो. मुलांनी त्याला ‘हवालदार’ असे नाव दिले आहे. (या शब्दाचा हवेशी काही संबंध नाही, तो ‘हवाला’पासून, म्हणजे ज्याच्या हवाली काम केले आहे त्यावरून आलेला आहे. पण अर्थ नेमका बसला, म्हणून मी दुरुस्ती सुचविली नाही.) हवालदार मोठ्याने ‘हवा’ म्हणतो, सर्वांचे हात यंत्राबाहेर आणि डोळ्यांवर चष्मे आहेत हे पाहतो, आणि मगच कॉक उघडतो. नव्या यंत्राला पहिली हवा १ बारची. तेवढ्यावर सिलिंडर योग्य दिशेने हलतो की नाही, नळ्या उलट जोडल्या गेल्या आहेत काय, हे सर्व कळते. मग २, मग ४. आमच्या मुलांना हा उशीर असह्य होतो. पण पहिल्या दहा चाचण्यांत ज्या चुका सापडल्या त्या सगळ्या १ बारलाच सापडल्या, हे वहीत लिहिलेले आहे.

एक गोष्ट मला सर्वांत उशिरा कळली आणि ती सर्वांत फसवी आहे. कॉक बंद केला, गेज शून्यावर आले, म्हणजे यंत्र निर्जीव झाले असे आपण समजतो. परंतु काही वॉल्व्ह असे असतात की त्यांच्या मधल्या स्थितीत सर्व तोंडे बंद होतात. सिलिंडर जेथे असेल तेथे थांबावा म्हणून विद्यार्थी हौसेने हेच वॉल्व्ह आणतात. त्यांत वॉल्व्ह आणि सिलिंडर यांच्यामधील हवा अडकून राहते. गेज त्या बाजूला नसतेच. मूल पाते पुसायला हात घालते, कोणी वॉल्व्हची गुंडी दाबते आणि कात्री मिटते. बत्तीस मिलिमीटरचा सिलिंडर ४ बारला सुमारे तेहतीस किलोच्या जोराने ढकलतो. बोटाला याच्या निम्मेही पुष्कळ झाले. म्हणून ‘गेज शून्य’ एवढ्यावर आम्ही थांबत नाही. वॉल्व्ह हाताने दोन्हीकडे फिरवून सिलिंडर मोकळा सरकतो हे प्रत्यक्ष ओढून पाहिल्याशिवाय हात आत जात नाही. त्याचप्रमाणे बॅटरी उतरली किंवा तार निसटली तर वॉल्व्ह कोणत्या स्थितीला परत जाईल हे आधी ठरवून घ्यावे. आमची कात्री अशा वेळी उघडी होते आणि उघडीच राहते.

हवा कमी लागावी यासाठी

या सर्व खटाटोपानंतर गटाची मागणी आली : दोन बाटल्यांची हवा पाच-पाच फळांत संपते, तेव्हा दहा लिटरची टाकी बसवू. हिशेब त्यांचा चुकलेला नव्हता. बत्तीस मिलिमीटरचा सिलिंडर शंभर मिलिमीटर जाऊन परत येतो तेव्हा साध्या दाबाची सुमारे पाऊण लिटर हवा खर्च होते, आणि दोन लिटरची बाटली ६ बारवरून ४ वर उतरेपर्यंत चारच लिटर देते. पण मोठी टाकी म्हणजे यंत्राच्या पोटात साडेसात हजार जूल. मी नकार दिला, आणि नकाराबरोबर एक प्रश्नही दिला : देठ कापायला तेहतीस किलो लागतातच का?

मुलांनी कात्रीच्या दांड्याला ताणकाटा बांधून मोजले. बोथट पात्याला खरोखरच तेवढा जोर लागत होता. मग एकाने पाती धारला नेऊन सहाणेवर लावून आणली. धार शहरात राहून आम्ही धारच विसरलो होतो, ही कोटी त्यानंतर आठवडाभर चालली. नव्या धारेला निम्म्याहून कमी जोर पुरला. सिलिंडर बत्तीसचा काढून वीस मिलिमीटरचा बसविला. ४ बारला तो बारा-तेरा किलो देतो आणि हवा पूर्वीच्या सुमारे चाळीस टक्के घेतो. एका बाटलीत बारा फळे निघू लागली. दुसरी बाटली काढून टाकली. कार्यशाळेतील चाचण्या तर आता बाटलीवर होतच नाहीत. यंत्र भिंतीतल्या नळीला जोडलेले असते आणि बाटली फक्त बाहेर, झाडाखाली लागते. तेथे ती भरण्यासाठी कॉम्प्रेसर न नेता गेज असलेला सायकलचा उभा पंप नेतो. पंपाने ६ बारपर्यंत पोहोचायला घाम निघतो. चुकून ८ होणे त्यात शक्यच नाही, हा त्याचा मोठा गुण.

आता थोडे भाषेविषयी, कारण माझा अधिकार तेवढ्याच प्रांतात आहे. सूचनाफलक लिहिताना मी ‘दाब’ हा शब्द वापरला होता. एका मुलीने विचारले, ‘सर, काय दाबायचे?’ फलक नेमका कॉम्प्रेसरच्या बटणावर लागलेला होता. मराठीत ‘दाब’ हे नामही आहे आणि आज्ञाही. हिंदी-उर्दूतला ‘दबाव’ मराठी घरातल्या मुलाला बळजबरीची आठवण करून देतो. शेवटी ‘प्रेशर’ हाच शब्द तिन्ही भाषांच्या मुलांना एकाच अर्थाने समजतो असे दिसले आणि मी शुद्धतेचा आग्रह सोडला. ‘रिकामी’ हा शब्दही बदलला. शून्यावर असलेली बाटली आणि सहा बारची बाटली दिसायला सारखीच रिकामी असते. आत काही दिसतच नाही. आता गळ्यात ‘भरली’ अशी लाल पट्टी अडकविल्याशिवाय बाटलीत हवा जात नाही आणि हवा सोडल्याशिवाय पट्टी निघत नाही. फलकावरील वाक्येही लहान केली. ‘सदर कॉम्प्रेसरचा वापर करताना आवश्यक ती दक्षता घेण्यात यावी’ असे आपण लिहितो तेव्हा कोणी, कशाची, केव्हा दक्षता घ्यायची यापैकी काहीच सांगत नाही. त्या जागी आता ‘४ बार. लाल रेघेपुढे नाही. हात घालण्याआधी हवालदाराला विचारा’ एवढेच आहे.

अंगावरील धूळ हवेच्या नळीने झटकण्याची सवय टायर दुकानांतून येते आणि ती पहिल्याच दिवशी मोडावी. कण डोळ्यात जातात. जखमेतून हवा कातडीखाली शिरते. थट्टेने कोणाच्या अंगाला नळी लावल्यामुळे मृत्यू ओढवल्याच्या बातम्या आपल्या देशातून अनेकदा आल्या आहेत. या बाबतीत आमच्या केंद्रात दुसरी संधी दिली जात नाही.

पावसाळ्यात आणखी एक काम वाढते. मांडूच्या डोंगरावर ढग उतरले की हवा ओलसर होते, आणि कॉम्प्रेसर त्या हवेला दाबतो तेव्हा तिच्यातले पाणी टाकीत गळते. मिनिटाला शंभर लिटर हवा ओढणारा लहान कॉम्प्रेसर अशा दिवसांत तासाभर चालला तर शंभर ग्रॅमहून अधिक पाणी टाकीच्या बुडाशी साठते. ते तेथेच राहिले तर टाकी आतून गंजते आणि पत्रा नेमका जेथे दिसत नाही तेथे पातळ होतो. बाहेरून रंग शाबूत असतो. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी हवालदार मोटारीची वायर काढतो, थोड्याशा उरलेल्या दाबाने बुडाचा कॉक उघडून तपकिरी पाणी बादलीत घेतो, काटा शून्यावर आल्यावर कॉक उघडाच ठेवतो आणि वहीत वेळ लिहून मला किल्ली देतो. ज्या दिवशी पाण्याचा रंग अधिक लाल दिसेल त्या दिवशी टाकी पुन्हा पाण्याच्या चाचणीला जाईल, असे वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेले आहे. त्या पानावर सर्वांच्या सह्या आहेत. भुवईवर टाके पडलेल्या मुलाची सही सर्वांत वर आहे, कारण ही वही ठेवण्याची कल्पना त्याची.